न घ्यायची घरं

व्हर्लीन टॉलिव्हरबाईंनी आयुष्यात जेवढी भाड्याची घरं पाहिली, तेवढी एखाद्या दलालानंही पाहिली नसतील. आणि त्यातलं एकही त्यांना नको होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली पाळी संपली की त्या गणवेश उतरवायच्या, चर्चला जायचा निळा कोट आणि टोपी घालायच्या आणि कुणाच्या तरी दारात उभं राहून विचारायच्या, "जागा आहे का?"

हे काम चर्चच्या तळघरात भरणाऱ्या घरहक्क समितीचं. रीत साधी होती. काळ्या बाईनं आधी जायचं, नीटनेटकं होऊन, पगाराची पावती पर्समध्ये ठेवून. तासाभरानं गोऱ्या बाईनं जायचं आणि तेच विचारायचं. मग दोघींनी एकमेकींशी अवाक्षर न बोलता, काय घडलं ते त्याच दिवशी लिहून द्यायचं. व्हर्लीनबाईंना "कालच गेली हो" म्हणणारा मालक त्यांच्या जोडीदारणीला, कॅरलला, कपाटांची दारंसुद्धा उघडून दाखवायचा. मग समितीचे वकील हॅस्किन्स त्याला कोर्टाची पायरी दाखवायचे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रंगावरून घर नाकारायचं नाही असा कायदा होऊन काही वर्षं झाली होती, पण कायदा झाला म्हणून कुणी दार उघडतं असं नाही.

नियम मात्र कडक होते. नाव खरं सांगायचं. वाद घालायचा नाही. तपासलेलं घर स्वतःसाठी कधीही घ्यायचं नाही. आणि होकार मिळालाच, तर दुसऱ्या दिवशी नकार कळवून टाकायचा, म्हणजे कुणाची जागा अडकून पडत नाही. या शेवटच्या नियमाची व्हर्लीनबाईंना फारशी गरजच पडली नव्हती. नकारात त्या मुरलेल्या होत्या. किल्ली सापडत नाही, नवरा बाहेरगावी आहे, जिना तुम्हाला झेपणार नाही. मालकानं तोंड उघडायच्या आधीच पुढचं वाक्य त्यांना ठाऊक असायचं.

त्या हिवाळ्यात त्यांना खरोखरच घर हवं होतं, ही त्यातली गंमत. त्या राहत होत्या ती अख्खी गल्ली हमरस्त्यासाठी पाडायची होती. दारावर नोटीस लागून महिने झाले होते, शेजारपाजार उठून गेला होता, आणि उठलेली सगळी माणसं शहराच्या त्याच उत्तर भागात जागा धुंडाळत होती. भाडी आभाळाला भिडली होती. भावजय म्हणत होती, या माझ्याकडे, सोफा आहे. पण पन्नाशी उलटलेल्या बाईनं दुसऱ्याच्या सोफ्यावर किती दिवस काढायचे?

अशात समितीकडे एक तक्रार आली. पुलापलीकडे दक्षिणेला एक घर, मालकीण खाली राहते, वरचा मजला भाड्यानं देते. एका काळ्या माणसानं फोनवर चौकशी केली, तर "गेली" म्हणाली. पाटी अजून खिडकीत आहे. व्हर्लीनबाई निघाल्या. पुलाच्या उत्तरेला काळी वस्ती, दक्षिणेला पोलिश गोऱ्यांची. सोळाव्या रस्त्यावरचा तो पूल म्हणजे आफ्रिका आणि पोलंड जोडणारा जगातला सगळ्यात लांब पूल, असं शहरात सगळे म्हणायचे. घरहक्काचे मोर्चे निघाले तेव्हा याच पुलाच्या त्या टोकाला त्यांच्या अंगावर बाटल्या पडल्या होत्या, त्यामुळे हा विनोद त्यांना कधी फारसा हसवायचा नाही.

दार उघडलं ते मिसेस प्योंटेक नावाच्या म्हाताऱ्या विधवेनं. ठेंगणी, डोक्याला रुमाल, हाताला पीठ. व्हर्लीनबाईंनी जागेचं विचारलं. मग सवयीप्रमाणे त्या बाईच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"पाय पुसा," प्योंटेकबाई म्हणाल्या. "जिना काल घासलाय."

वर जाईपर्यंत त्यांची टकळी थांबली नाही. जागा मधे भाच्याला देऊन ठेवली होती, तो ऐनवेळी शिकागोला पळाला, भाचे असेच. खालून कोबीचा वास वर येतो, आधीच सांगते, मागाहून तक्रार नको. आणि स्वयंपाकघरातली खिडकी अडकते. त्यांनी खांदा लावून ती वर ढकलूनही दाखवली.

ती खिडकी भांडी घासायच्या सिंकच्या बरोबर वर होती. बाहेर परसात नासपतीचं बोडकं झाड, त्यापलीकडे चर्चचे मनोरे. व्हर्लीनबाईंनी शाळेत आणि घरात मिळून जन्मभर भांडी घासली होती, आणि प्रत्येक सिंकच्या समोर भिंत होती. त्या तिथं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. नळ सोडून पाहिला. हाताची वीत टाकून खिडकीची रुंदी मोजली, आणि आपण हे का करतोय हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"कधी येताय राहायला?" प्योंटेकबाईंनी विचारलं.

एवढ्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर व्हर्लीनबाईंनी तयारच ठेवलं नव्हतं. कळवते, म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

तासाभरानं कॅरल गेली. कागद देऊन झाले, तेव्हा ती हसू आवरत म्हणाली की आपल्याला चक्क हाकललं. मघाशी एक टोपीवाल्या बाई येऊन गेल्यात, शब्द दिलाय त्यांना, तुम्ही दुसरीकडे बघा. समितीत सगळे खूश झाले. रोज वाईटच लिहायचं, त्यात हा एक कागद चांगला. तक्रारीवर काट मारली गेली. आता व्हर्लीनबाईंनी उद्या फोन करून नाही म्हणायचं, की संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. शाळेत फार काम होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की अजून एक दिवस गेला तर काय बिघडतं. चौथ्या दिवशी त्यांनी कापडाच्या दुकानात जाऊन पिवळं फुलाफुलांचं कापड घेतलं आणि दुकानदारीण विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "असंच, आवडलं म्हणून." नियम त्यांना तोंडपाठ होता, नव्या बायकांना त्याच तर शिकवायच्या. पण जीव अडकायचा तिथं अडकला होता.

त्याच संध्याकाळी हॅस्किन्सचा फोन आला. गेन्स कुटुंबाच्या खटल्याची तारीख लागली होती. धाकटं मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या नवराबायकोला तळ्याकाठच्या एका मोठ्या इमारतीच्या मालकानं हाकललं होतं. नंतर तिथंच व्हर्लीनबाईंनाही "नाही" म्हटलं आणि कॅरलला "या" म्हटलं. सगळा खटला व्हर्लीनबाईंच्या साक्षीवर उभा होता.

व्हर्लीनबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा, तपासणाऱ्यांपैकी कुणी तपासलेलं घर घेतलं, तर?

 मग हॅस्किन्स म्हणाले, "तर समोरचा वकील विचारणार, बाई, तुम्ही न्यायासाठी फिरत होता की स्वतःला जागा बघत होता? आणि त्यावर आपल्याकडे उत्तर नसणार. मिस व्हर्लीन, कुणी घेतंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही."

फोनवर नकार कळवला असता तर नियमाला पुरेसं होतं. त्यांना ते भेकडपणाचं वाटलं. शनिवारी त्या स्वतः गेल्या. प्योंटेकबाईंनी त्यांना बघताच "वर चला" म्हणत जिन्याकडे धाव घेतली. वरच्या कपाटांतल्या फळ्यांवर नवा कागद घातला होता. खिडकी सुताराकडून नीट करून घेतली होती, ती आता एका बोटानं वर जात होती.

"मला नाही जमणार," व्हर्लीनबाई म्हणाल्या.

प्योंटेकबाईंचं बोट खिडकीवरच राहिलं. "शेजारी कुणी काही बोललं का? नावं सांगा मला."

"कुणी नाही बोललं."

"मग घरात काय खोट आहे?"

"काहीच नाही."

"म्हणजे मी," प्योंटेकबाई म्हणाल्या. "माझ्या घरात राहायचं नाहीये तुम्हाला."

व्हर्लीनबाईंना खरं सांगायची सोय नव्हती. खटला संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हाही नियमच होता. त्यांनी "माफ करा" एवढंच म्हटलं. प्योंटेकबाईंनी त्यांना खालपर्यंत पोचवलं आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आपटलेल्या दारांची व्हर्लीनबाईंना सवय होती. आपल्या तोंडावर दारं लावणाऱ्यांवर त्या जन्मभर चिडत आल्या होत्या, आणि आज एकीनं उघडलेलं दार त्यांनीच बंद करायला लावलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

व्हर्लीनबाईंचं गल्लीतलं घर पाडलं गेलं. त्या भावजयीच्या सोफ्यावर आल्या. भावजय चांगली होती, पण रेडिओ फार मोठ्यानं लावायची, आणि तिच्या सिंकसमोर भिंत होती.

कोर्टात मालकाच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. इतकी घरं बघितलीत, बाई, एखादं आवडलं असेलच की. आवडलं, व्हर्लीनबाई म्हणाल्या, एक आवडलं होतं. मिळत होतं का? मिळत होतं. मग घेतलंत? नाही घेतलं. का नाही घेतलंत, तुमचं तर घर पाडलं म्हणे?

"तुम्ही आज हे विचाराल म्हणून," त्या म्हणाल्या.

वकील खाली बसला. गेन्स कुटुंबाच्या बाजूनं निकाल लागला, आणि पेपरात व्हर्लीनबाईंचा टोपीतला फोटो आला. फोटो आला म्हणजे तपासणीसाठी तो चेहरा फुकट गेला. समितीनं त्यांना केक कापून निरोप दिला. अपिलाची मुदत टळेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी रताळ्याचं गोड सारण भरलेला पाई भाजला, तो टॉवेलात गुंडाळला आणि बसनं पूल ओलांडला.

प्योंटेकबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे, मग टॉवेलाकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती.

"पेपर मीही वाचते," त्या म्हणाल्या. "पाय पुसा."

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. कोबी शिजत होता.

"म्हणजे मी कशी आहे ते बघायला आला होता तुम्ही."

"हो."

"आणि काय लिहिलंत माझ्याबद्दल?"

"जे घडलं ते. जिना घासल्याचं. खिडकी अडकते ते. कोबीचं."

"कोबीचं लिहायची काही गरज नव्हती." प्योंटेकबाईंनी पाई कापला, एक तुकडा चाखला, आणि त्यावर मत दिलं नाही, पण दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "आणि घर? आवडलं होतं का?"

"ते लिहायचं नसतं."

"लिहिलंत काय ते नाही विचारलं मी."

व्हर्लीनबाईंनी काटा खाली ठेवला.  "त्या खिडकीशी उभी राहिले ना, तेव्हाच मी तिथं राहायला आले होते. अजून निघाले नाहीये."

प्योंटेकबाईंनी टेबलावरचे कण बोटानं गोळा केले. नंतर त्यांनी छताकडे मान केली. वर पोस्टातला एक मुलगा राहतो, म्हणाल्या, बायकोला दिवस गेलेत, उन्हाळ्यात दोघं कायमचे तिच्या आईकडे चाललेत, ग्रीन बे गावाला. नासपती तेव्हा धरलेल्या असतात, पण त्या माझ्या, भाड्यात मोजायच्या नाहीत.

"उन्हाळ्यात या," त्या म्हणाल्या. "आणि या खेपेला तुमच्या मागाहून त्या दुसऱ्या बाईला पाठवू नका. तिला अजिबात खोटं वागता येत नाही. जागा न बघताच, दारातूनच छान आहे म्हणत होती."

व्हर्लीनबाई हसल्या. हसताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"जाण्याआधी वर जाऊन या," प्योंटेकबाई कॉफी ओतत म्हणाल्या. "पोरं काही म्हणणार नाहीत. खिडकीच्या पडद्याचं माप तरी घेऊन ठेवा."

"शिवून ठेवलाय," व्हर्लीनबाई म्हणाल्या.