मावशी नावाची पटाशी

टवका सापडत नव्हता. खोलीभर अंथरलेली वर्तमानपत्रं तो एकेक उचलून झटकत होता आणि मोबाइलचा उजेड फरशीवर आडवा धरून नखाएवढी चकाकी शोधत होता. मधोमध रंगाचा डबा उघडा होता, शेजारी त्याचं झाकण पालथं पडलं होतं. डबा उघडला होता, एवढं मात्र खरं. पण तो उघडताना बायकोच्या, लाकूड कोरायच्या पटाशीच्या धारेचा कोपरा टक्कन उडाला होता.

टवका सापडला तरी त्याचं काय करणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पोलादाला डिंक लावत नाहीत. पण हातून काही मोडलं की माणूस आधी तुकडे गोळा करतो, तसा तो करत होता.

दिसायला पटाशी साधीच होती. पातं घासून घासून निम्मं उरलेलं, मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली. मुठीच्या एका अंगाला अंगठा बसेल एवढा खळगा होता. तो कुणी कोरलेला नव्हता. बायकोच्या मावशीचा अंगठा वर्षानुवर्षं तिथे टेकून तो आपोआप पडला होता. मावशी टेलिफोन ऑफिसात होती. दिवसभर परक्या माणसांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आली की कुणाशी एक शब्द न बोलता लाकूड कोरत बसायची. आईवेगळ्या भाचीला तिनेच वाढवलं, कोरायलाही तिनेच शिकवलं, आणि भाची लग्न होऊन निघाली तेव्हा ही पटाशी रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत घातली. भाची आता दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती. सुट्टीच्या दिवशी मात्र खिडकीपाशी बसून चमचे, बदकं, कासवं कोरायची, आणि अशा वेळी तिला हाक मारायची कुणाची छाती होत नसे.

घरात ‘मावशी’ म्हटलं की बहुतेक वेळा ही पटाशीच. खरी मावशी दुसऱ्या गावी राहायची, म्हणून फारसा गोंधळ होत नसे. लेक लहान असताना एकदा शाळेत सांगून आली होती की आईने काल मावशीला घासून धार लावली आणि तेल पाजून खोक्यात बंद केलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी आईवडिलांना बोलावणं धाडलं होतं. तो किस्सा पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना ऐकवला गेला.

मावशीला, म्हणजे पटाशीला, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. आणि दुसऱ्याच्या हातात हत्यार द्यायचं तर पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे, ही खऱ्या मावशीची शिस्त. बायकोने लेकीला ती अशी दिली होती. नवऱ्याला कधीच नाही. त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला कारकून तो, खिळा ठोकायला घेतला की घरातले सगळे आधी मलम शोधून ठेवायचे. मावशी त्याला ‘साहेब’ म्हणायची.

“साहेब, खिळा भिंतीत मारायचा असतो. बोटात नव्हे.”

ही खरी मावशी तिच्या गावी घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं म्हणून तिला या शहरातल्या इस्पितळात आणलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, डॉक्टर खूश होते, शुक्रवारी घरी न्या म्हणाले होते. घरी म्हणजे आता इथेच. खालची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती. मावशीने पलंगावरून फर्मान काढलं होतं, पांढरी ठेवू नका, दवाखाना झाला तेवढा पुरे, पिवळी करा. रंगवायचं काम साहेबांनी हट्टाने अंगावर घेतलं होतं. निदान ब्रश तरी आपल्याला जमेल, असं त्याला वाटलं होतं.

पण डब्याचं झाकण घट्ट बसलेलं. पेचकस शेजारी गेलेला. आणि खिडकीत पटाशीचं ते लाकडी खोकं. एकदाच, कुणाला कळणारही नाही, असं म्हणून त्याने हात घातला होता.

फोन वाजला तसा तो दचकला. बायको होती.

“अहो, ऐका. मावशी मावशीला मागतेय.”

त्याने फरशीवरची पटाशी उचलली.

“ऐकलंत ना? हात नुसते चाळवताहेत तिचे सकाळपासून. चादर चुरगाळतेय. म्हणते, माझी पटाशी दे, नुसती धरून बसते. कपडे घेऊन लेक येतेय ना, तिच्याकडे द्या. पाठवताय ना?”

“हो, हो. देतो.”

फोन ठेवून वळतो तर लेक दारात उभी होती, खांद्याला पिशवी अडकवून. तिची नजर आधी डब्यावर गेली, मग त्याच्या हातावर.

“बाबा! मावशी?”

“जरासा कोपरा गेलाय.”

“जरासा?” तिने जवळ येऊन पाहिलं, पण हात लावला नाही. “सांगून टाका आईला. आत्ताच.”

“आत्ता नको. आधीच तिकडे बसून बसून तिचा जीव अर्धा झालाय. मी धार लावणाऱ्याकडे जाऊन येतो. तो घासून सारखी करून देईल. तासाभरात मीच घेऊन येतो तिकडे. तू म्हण, सापडत नाहीये.”

“मी खोटं बोलणार नाही. तुम्हीच काय ते कळवा.”

“बरं, मी कळवतो. तू काही बोलू नकोस म्हणजे झालं.”

“तिने विचारलं तर?”

तो पटाशी गुंडाळायला काही मिळतंय का ते शोधू लागला. लेक निघून गेली. त्याने बायकोला संदेश पाठवला, ‘मावशी सापडत नाहीये. शोधून घेऊन येतो.’ लगेच उत्तर आलं, ‘खोक्यात बघा. ती कुठे जाणार?’ त्याने मोबाइल खिशात टाकला, पटाशी लेकीच्या जुन्या मोज्यात सरकवली आणि चपला अडकवून तो तरातरा निघाला. डब्याचं झाकण लावायचं राहून गेलं.

धार लावणाऱ्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पुढे गिऱ्हाइकं होती. कुणा शिंप्याच्या कात्र्या, कुणाच्या सुऱ्या. दगडाचं चाक किंचाळत होतं, ठिणग्या उडत होत्या, आणि तो मोज्यातली पटाशी छातीशी धरून या पायावरून त्या पायावर होत होता. मध्येच कुणी घुसू पाहिलं तर तो इतका खेकसला की स्वतःच्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. कचेरीत त्याचा आवाज कधी चढल्याचं कुणाला आठवत नसेल.

त्याची पाळी आली. दुकानदाराने पटाशी उलटीसुलटी करून पाहिली.

“बराच खोल गेलाय टवका. तो घालवायचा तर एवढं पातं खावं लागेल.” त्याने बोटाचं पेर दाखवलं. “मग उरतंय काय? थोटकं.”

“चालेल का पण?”

“चालायला चालेल. घासू?”

तो पात्याकडे बघत राहिला. निम्मं आधीच झिजलेलं. त्यातलं आणखी पेरभर त्याच्या एका डब्यापायी जाणार. पण तुटकं नेऊन तिच्या हातात कसं द्यायचं?

“घासा,” तो म्हणाला.

चाकाने वेग घेतला आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बायको. त्याने एक कान बोटाने बंद केला, दुसऱ्याला मोबाइल लावला.

“हॅलो?”

पलीकडून काहीतरी आलं आणि चाकाच्या आवाजात विरलं.

“काय? मोठ्याने बोल!”

“मावशी गेली,” बायको म्हणाली.

सांगितलं तर शेवटी लेकीने. आवाजही कसा कोरडा लागला होता, राग गिळून बसल्यासारखा. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लपवालपवीने तो दमलाही होता.

“हो,” तो म्हणाला. “माझ्याच हातून गेली. चूक माझीच आहे. तुला सांगणारच होतो, देवाशप्पथ. डबा उघडत होतो, पेचकस मिळेना, म्हटलं एकदाच... मी सापडत नाही म्हणालो ते खोटं होतं. इथे धार लावायला आणलीय. अर्ध्या तासात घेऊन येतो, तिला कळणारही नाही. ऐकतेस ना? तू तिला एवढंच सांग, आणतोय म्हणून.”

त्याने मोबाइल कानाशी आणखी घट्ट दाबला.

“बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर.”

“अहो,” बायको म्हणाली. “मावशी गेली. आपली मावशी.”

दुकानदाराने पातं चाकाशी नेलं होतं. त्याने झडप घालून दुकानदाराचं मनगट पकडलं.

“थांबा! थांबा, नको.”

चाक सावकाश थांबलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं. मोजा उचलून त्याने पटाशी त्यात घातली, आणि देताना मूठ पुढे केली.

इस्पितळात पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. बाहेरच्या बाकावर लेक बसली होती, डोळे सुजलेले. तिने मान हलवली, म्हणजे ती काही बोलली नव्हती. आत बायको पलंगाच्या कडेला बसली होती. मावशी झोपल्यासारखी दिसत होती. चादर मात्र तिच्या दोन्ही हातांपाशी चुरगळलेली होती, तेवढीच कुणी सारखी केली नव्हती.

“एकदम झालं,” बायको म्हणाली. “बोलता बोलता. श्वास लागला, डॉक्टर धावत आले, पण काही उपयोग झाला नाही.”

तो उभाच राहिला. त्याने मोजा पुढे केला.

बायकोने पटाशी बाहेर काढली. नेहमीसारखा अंगठा धारेवरून आडवा नेला. तुटलेल्या कोपऱ्याशी तो थांबला, तिथे ती जरा वेळ चाचपत राहिली. मग तिने मावशीची बोटं एकेक उलगडली आणि मूठ आत ठेवली. अंगठा खळग्यात जाऊन बसला, जरासुद्धा इकडेतिकडे करावा लागला नाही. ते पाहून तिला रडू फुटलं. त्यालाही आवरेना.

“दोनदा विचारलं तिने,” बायको म्हणाली. “आली का, म्हणून. मी म्हटलं, येतेय.”

“तशीच पाठवायला हवी होती मी. तुटकी.”

“हो,” ती म्हणाली. “पाठवायला हवी होती.”

त्याने ते ऐकून घेतलं. नाही म्हण, असं काय करता म्हण, अशी कुठेतरी त्याला आशा होती, पण ती तसं म्हणाली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. पडद्यापलीकडे कुणीतरी खाट ढकलत नेली. परिचारिका डोकावली, थोडा वेळ आहे तुम्हाला, असं हळूच सांगून गेली.

बायकोने डोळे पुसले. मावशीच्या हाताखालची चादर तळव्याने ओढून सारखी केली. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं,

“डबा उघडला का?”

“अं?”

“रंगाचा. उघडला का शेवटी?”

“उघडला.”

“कसा आहे?”

“पिवळा,” तो म्हणाला. “तिने सांगितला होता तसाच. फार भडक नाही.”

“आणि झाकण लावलंत?”

“नाही. तसाच निघालो.”

तिने मावशीच्या हातातून पटाशी अलगद सोडवून घेतली. क्षणभर ती मांडीवर धरून बसली. मग पातं स्वतःच्या मुठीत घेतलं आणि मूठ त्याच्यापुढे केली.

“धरा,” ती म्हणाली. “मला इथे वेळ लागेल. तुम्ही जाऊन आधी झाकण लावून या. साय धरेल रंगावर.”