परवा सांगतो

दादाची जीभ लहानपणापासून अडायची. अडली की तो डावा डोळा मिटायचा, सदऱ्याचं वरचं बटण चाचपायचा, आणि तरीही शब्द सुटला नाही तर हात झटकून म्हणायचा, "जाऊ दे, परवा सांगतो." एवढं मात्र त्याच्या तोंडून सुरळीत निघायचं. घरात कुणाला त्याचं हसू येत नसे. धाकट्याला तर नाहीच. शाळेत धाकट्याच्या वाटेला कुणी गेलं की दादा जायचा आणि एक शब्दही न बोलता काम उरकून यायचा.

मोठेपणी दादा औषधांच्या दुकानात लागला आणि धाकटा नट झाला. नट म्हणजे कसला, तर अकरा वर्षं तो कुणाच्या तरी मागे उभा राहिला. कधी तिसरा हवालदार, कधी मेलेला माणूस. मेलेल्याचं काम त्याला बरं जमतं, असं सगळे म्हणायचे. वयाच्या पस्तिशीत त्याला टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत शेजाऱ्याचं काम मिळालं. दोन वाक्यं होती. पहिल्याच दिवशी त्यातलं दुसरं वाक्य तो साफ विसरला. कॅमेरा चालू होता, दिवे तापलेले होते आणि डोकं रिकामं. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्याचा डावा डोळा आपोआप मिटला, हात गळ्याशी गेला आणि तोंडातून नुसतं "प-प-प" निघू लागलं. मग त्याने हात झटकला आणि म्हणाला, "जाऊ दे, परवा सांगतो."

दिग्दर्शिका खुर्चीत मागे रेलून खदखदून हसली. दिवे धरणारे हसले. पुढच्या आठवड्यात त्याला सहा वाक्यं मिळाली, आणि सहाही अडणारी.

वर्षभरात त्याचं खरं नाव लोकांच्या ध्यानातून गेलं. सगळे त्याला 'परवा' म्हणायचे. भाजीवाला म्हणायचा, मुलं म्हणायची, बँकेतली बाईसुद्धा सही घेताना तोंड दाबून म्हणायची. त्याला ते फार आवडायचं. अकरा वर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याला आवडणारच.

एके दिवशी दुपारी वहिनी मेकअपच्या खोलीत आली. ती यापूर्वी कधी आली नव्हती. धाकट्याने खुर्ची दिली तरी ती बसली नाही. तिने सांगितलं की दुकानात आता औषध न लागणारी माणसंही येतात. चिठ्ठीवर लांबलचक नाव लिहून आणतात आणि दादाला ते मोठ्याने वाचायला सांगतात. तो अडला की मोबाइल पुढे करतात. दुकानाचा मालक दोन महिने गप्प राहिला, मग त्याने दादाला मागच्या कोठारात खोकी मोजायला बसवलं. बावीस वर्षं काउंटरवर उभा राहिलेला माणूस तो.

"तो तुला कधी सांगणार नाही," वहिनी म्हणाली. "म्हणून मी आले. बंद कर एवढं."

धाकट्याने तिच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला, आणि तो शब्द त्याने मनापासून दिला होता. त्याच संध्याकाळी तो दिग्दर्शिकेकडे गेला आणि अडखळणं जरा कमी करता येईल का, असं त्याने विचारलं. तिने चष्मा काढून पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "करू की कमी. मग तू काय करशील?"

चार दिवसांनी तिने सांगितलं की टीव्ही वाहिनी फक्त त्याच्यावर नवी मालिका काढते आहे आणि तिचं नाव 'परवा सांगतो' आहे. त्याने होकार दिला. घरी जाताना त्याने स्वतःची समजूत घातली: दादासारखी अडणारी माणसं जगात हजारो आहेत, हे काही एकट्या दादाचं नाही.

दोन वर्षांनी दादाच्या मुलीचं लग्न झालं. काका म्हणून धाकटा पहिल्या रांगेत बसला होता आणि पाहुणे नवरा-नवरीपेक्षा त्याच्यासोबत जास्त फोटो काढत होते. जेवणाआधी बापाने चार शब्द बोलावेत, असं ठरलं होतं. खरोखरच चारच वाक्यं होती. महिनाभर कोठारातल्या खोक्यांसमोर उभं राहून दादाने ती घोकली होती, हे वहिनीने नंतर सांगितलं.

पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरं "पोरी" या शब्दाने सुरू होत होतं. दादाचा डावा डोळा मिटला. हात बटणाकडे गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "परवा सांगतो!"

हशाने छत उडायची वेळ आली. मोठा भाऊ धाकट्याची नक्कल करतोय, असंच बऱ्याच जणांना वाटलं. दादा माइक धरून तसाच उभा. लोक हसत असताना खाली बसून राहणं धाकट्याला आता जमत नसे. तो उठला, दादाच्या खांद्यावर हात टाकला, माइक घेतला, डोळा मिटला, बटण चाचपलं आणि उरलेलं भाषण 'परवा'च्या आवाजात करून टाकलं. टाळ्या थांबेनात. दादाही हसला, तेवढ्या माणसांसमोर तो दुसरं काय करणार होता? नवरी मात्र हसली नाही. तिने हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि ती बापाकडे बघत राहिली.

हात धुवायच्या जागी दोघे भाऊ एकटेच समोरासमोर आले. धाकटा म्हणाला, "सांभाळून घेतलं ना मी?"

दादाला उत्तर द्यायला पाऊण मिनिट लागलं. नळ वाहत होता. या वेळी त्याने डोळा मिटला नाही. तो सरळ भावाकडे बघत होता. त्याचा खालचा ओठ आत ओढला गेला, मानेची शीर फुगली, आणि छातीतून कोरड्या पंपासारखा आवाज आला. शेवटी तो म्हणाला, "म-माझी पोरगी होती."

धाकट्याला भरून आलं. त्याने दादाला मिठी मारली. आणि मिठीत असतानाच त्याच्या मनात येऊन गेलं, की तो आत ओढलेला ओठ आणि तो पंपासारखा आवाज आपण आजवर कधी केलेला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने तो केला. दिग्दर्शिकेने त्याची पाठ थोपटली. तो भाग ज्या दिवशी लागला त्या दिवशी दादाने तो पाहिला आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर तो धाकट्याशी एक शब्दही बोलला नाही.

'परवा सांगतो' आणखी पाच वर्षं चालली आणि लोकांना कंटाळा आल्यावर एका महिन्याच्या नोटिशीत बंद झाली. धाकट्याने गंभीर कामं मागितली. एकदा त्याला मुलगा गमावलेल्या बापाचा प्रसंग वाचायला दिला. त्याने तोंड उघडण्याआधीच समोरचे तिघे हसले, मग माफी मागितली, मग पुन्हा हसले.

रिकामा झाल्यावर त्याला दादाची आठवण आली. तो गेला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून दादाचा आवाज येत होता. दादा नातीला हत्तीची गोष्ट सांगत होता. तो प्रत्येक वाक्याला अडत होता, आणि चार वर्षांची नात शब्द येईपर्यंत निवांत थांबत होती, तिच्या दृष्टीने गोष्टी अशाच सांगायच्या असतात. धाकटा बराच वेळ बाहेर उभा राहिला. मग त्याने दार ढकललं.

दादा बोलायचा थांबला. त्याने टेबलावरची वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि वही फिरवून धाकट्यासमोर धरली. 'चहा घेणार?'

"दादा, माझ्याशी बोल ना," धाकटा म्हणाला. "मला शिव्या दे, पण बोल."

दादाने त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि वाट बघत राहिला.

"आजोबा, मग हत्तीने काय केलं?" नातीने विचारलं. दादाने तिच्या केसांवरून हात फिरवला, पण धाकटा चहा संपवून जाईपर्यंत हत्तीने काहीही केलं नाही.

पुढच्या वर्षी वाहिनीने मालिका नव्या नटाला घेऊन पुन्हा काढायचं ठरवलं. त्याला अडखळणं शिकवायला त्यांनी धाकट्याला तीन दिवसांसाठी बोलावलं. धाकट्याने आपला सर्वांत चांगला शर्ट घातला आणि वेळेआधी पोहोचला. त्याने जीव ओतून शिकवलं. डोळा आधी, हात नंतर. ओठ आत, पण दात दिसता कामा नयेत. श्वास छातीत कोंडून मगच सोडायचा. नवा नट हुशार होता. तिसऱ्या दिवशी तो धाकट्यापेक्षा बरं करू लागला आणि खोलीतली माणसं पोट धरून हसू लागली.

"सर, हे सगळं तुम्हाला सुचलं कुठून?" त्याने नमस्कार करत विचारलं. "कुणाला बघून केलंत का?"

"नाही रे," धाकटा म्हणाला. "माझं मीच केलं. आता ओठ थोडा आणखी आत घे."