तुडुमाचा दांडा

सुरेंद्रचं वेल्डिंगचं दुकान अहेरीच्या बसस्टँडमागे होतं. त्याच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. त्यामुळे रुखमाबाईंचा तक्रारीचा फोन आला तेव्हा त्याला आधी वाटलं, बाईंनी चुकून दुसऱ्याऐवजी आपल्याला फोन लावलाय.

"सुरेंद्रभाऊ, तुमच्या स्टीलले जंग चढला," रुखमाबाई म्हणाल्या. "येऊन पाहून जा."

रुखमाबाई म्हणजे जवळच्याच एका गावच्या मासेमारी संस्थेच्या अध्यक्ष. त्यांच्या तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, एक तुडुम होतं: खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, पाणी सोडायचं दार. ते दार उचलणारा लोखंडी दांडा दर दोन-तीन वर्षांनी गंजून अडकायचा. दार उघडं राहिलं तर मासोळी पाण्याबरोबर वाहून जायची, मिटलेलं राहिलं तर खाली धान वाळायचा. शेवटी त्या उन्हाळ्यात मासेमार आणि शेतकरी एकत्र बसले आणि दांडा स्टेनलेस स्टीलचा करायचं ठरलं. सुरेंद्रने तो जीव ओतून केला होता.

तो पाळीवर पोचला तेव्हा पाचपन्नास माणसं जमली होती. दांड्यावर तांबूस ठिपके पडले होते आणि सांध्यांवरून विटकरी ओघळ आले होते. डोमाजी नावाचे शेतकरी घरून चुंबक घेऊन आले होते. अस्सल स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तो दांड्याला लावून दाखवला.

"चिकटत तं नाई," ते म्हणाले. "मंग जंग काऊन? डुप्लिकेट माल तं नाई दिला भाऊ?"

माल सुरेंद्रने स्वतः चंद्रपूरला जाऊन पारखून आणला होता. "वरून रंग मारून देतो," एवढंच तो म्हणाला.

"रंग नका मारू. त्याले हवा पाह्यजे."

बोलणारी दिव्यानी होती. सिंचन खात्यातली तरुण इंजिनिअर, वरोऱ्याची. पाळीची पाहणी करायला आली होती. ती दांड्यापाशी उकिडवी बसली. ठिपक्यांवरून तिने अंगठा फिरवला.

"भाऊ, हे कायनं घासलं?"

"तारेच्या ब्रशनं."

"लोखंडी?"

"लोखंडीच. दुकानात एकच ब्रश हाये, गेट असो का खिडकी."

दिव्यानीने मान डोलावली. मग रुखमाबाईंकडे वळून म्हणाली, "बाई, तुमच्या घरी भात कायच्या गंजात शिजते?" तिकडे पातेल्याला गंजच म्हणतात.

"स्टीलच्या."

"त्या गंजाले गंज चढला कधी?"

माणसं हसली. रुखमाबाईंनाही हसू आवरलं नाही.

"ह्या स्टीलमधी क्रोमियम असते," दिव्यानी सांगू लागली. "ते हवेतल्या ऑक्सिजनले धरते आणि अंगावर साय आणते. दुधावर येते तशी, पण केसाचे हजारो पदर सोलले तरी एक पदर तेवढा पातळ होणार नाई. डोळ्याले दिसत नाई. पण ती हाये तोवर पाणी आतल्या लोखंडाले शिवू शकत नाई. आणि ओरखडा पडला तं तिथी त्याच घडीले नवी साय धरते."

"मंग हे काय दिसून राह्यलं?" डोमाजींनी विचारलं.

"ब्रशचे लोखंडी कण वर रुतले, त्यायले जंग चढला. आणि सांध्याजवळ हे निळे-पिवळे पट्टे पाहा. वेल्डिंगच्या तापानं तिथलं वरचं क्रोमियम कमी झालं. तिथी साय नीट धरलीच नाई. माल चांगला हाये. साफ करा लागते."

सुरेंद्र त्या पट्ट्यांकडे पाहत राहिला. मोराच्या पिसासारखे दिसतात म्हणून त्याने ते मुद्दाम ठेवले होते. आपलं चुकलं, हे त्याने तिथेच सगळ्यांसमोर कबूल केलं.

"पण जे दिसत नाई त्याच्यावर भरोसा कसा ठेवू?" रुखमाबाई म्हणाल्या. प्रश्न रास्त होता.

सुरेंद्रच्या गाडीत त्याच दांड्याचा उरलेला तुकडा होता. त्याने तो काढला, सोबत एक लोखंडी तुकडाही घेतला. दोन्ही लखलखीत घासले, यावेळी नव्या सँडपेपरने, आणि दोन्हींवर कानशीच्या कोपऱ्याने खोल ओरखडा ओढला. "बाई, हे तलावाच्या काठी ओल्या गाळात ठेवा. वेगवेगळे. मी आठवडाभरानं येतो."

दांडा काढून तो दुकानात घेऊन आला. दिव्यानीने सांगितलेली सांधे साफ करायची ॲसिडची पेस्ट नागपूरहून मागवली. हातमोजे, चष्मा घालून त्याने पट्टे पार घालवले आणि धुतलेलं पाणी टपात धरून ॲसिड मारायला त्यात चुना कालवला. रुतलेले लोखंडी कण निघावेत म्हणून बाकीचा दांडा निंबूसताच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात बुडवून ठेवला, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला. शेवटी तो दोन लाकडांवर उघड्या हवेत आडवा ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसला. काहीच घडत नव्हतं. करडा, शांत धातू. तरी त्याची नजर हलेना. इतकी वर्षं तो स्टीलला मेलेली वस्तू समजत आला होता, आणि हे तर श्वास घेतल्यासारखं हवेतून आपलं कवच आपणच विणत होतं.

आठवड्याने दांडा घेऊन तो गावात गेला तेव्हा रुखमाबाईंनी दोन्ही तुकडे गाळातून काढून धुवून ठेवले होते. लोखंड लालभडक झालं होतं, हाताला भुकटी लागत होती. स्टीलवरचा ओरखडा ओढला तेव्हाइतकाच उजळ होता. डोमाजींनी तो नखाने खरवडून पाहिला, उन्हात धरून पाहिला, आणि तुकडा खिशात टाकून म्हणाले, "पोराले दाखवतो."

दांडा त्याच दिवशी पुन्हा जागेवर बसला.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसाने दडी मारली. धान गर्भात होता, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या. सुरेंद्र मुद्दाम दुकान बंद करून आला. दिव्यानीही आली. रुखमाबाईंनी दांडा उचलायच्या चाकाला हात घातला आणि जोर लावायच्या तयारीने पाय रोवले, पण जोर लागलाच नाही. चाक फिरलं, दांडा पाण्यातून ओला, स्वच्छ वर सरकला आणि तुडुमातून पाणी घुमत बाहेर पडलं.

"भाऊ," रुखमाबाई चाक फिरवतच म्हणाल्या, "पलीकडच्या गावचंही तुडुम अडकून हाये. त्यायले तुमचा नंबर देऊ का?"

"द्या," सुरेंद्र म्हणाला. "मॅडमचाही द्या."

खाली डोमाजी बांधीच्या तोंडाशी उभे होते. पाणी त्यांच्या पायांवरून पुढे गेलं तसे ते फावडं घेऊन त्याच्या मागे निघाले.