सगळ्यांना दिसलेले उड्डाण

सकाळचा उजेड आमच्या खोलीत एकदम येत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर रेंगाळतो, मग समोरच्या भिंतीवर चढून बसतो आणि तिथून इतका सावकाश खाली उतरतो की उतरताना त्याला कुणी पाहिलेले नाही. तो खाली आलेला तेवढा दिसतो. खुंटीला टांगलेल्या कातडी पिशवीपर्यंत पोहोचायला त्याला सर्वांत उशीर होतो. पिशवीच्या उसवलेल्या शिवणीतून त्याचा एक धागा आत शिरतो. त्या धाग्याची वाट पाहण्यात माझ्या आयुष्याच्या बऱ्याच सकाळी गेल्या आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. कारखान्यात माझी भिंगे घासणाऱ्या बाईने मला उजेडाकडे धरले होते आणि ती शेजारणीला म्हणाली होती, "काच आहे की नाही तेच कळत नाही गं." त्या एका वाक्यावर मी फार दिवस जगले.

मला एका बसचालकाने विकत घेतले. सारी इमारत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, ओसाड सपाट जमिनीच्या पलीकडे, दूर समुद्रकाठी अवकाशयानांचा उड्डाणतळ दिसतो. उड्डाण असले की बिऱ्हाडे कुलपे लावून वर येत. कुणाच्या फोनवर उलटे आकडे सुरू होत आणि मी हातोहात फिरू लागे. काकांचा शिरस्ता असा, की दुर्बीण आधी पाहुण्यांना, मग शेजाऱ्यांना, स्वतःला सर्वांत शेवटी. त्यांची पाळी येईपर्यंत यान ढगांपार गेलेले असे. त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. ते आकाशाऐवजी बघणाऱ्यांचे चेहरे बघत.

पुढे माझ्या खुंटीमागची भिंत ओल धरू लागली. जग हळूहळू पांढरे होत गेले. हवेत धुके फार वाढले आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. लोक मला डोळ्यांना लावत, चाक इकडेतिकडे फिरवत; मागचे घाई करत.

"दिसलं का?"

"दिसलं की. यानाचा पहिला टप्पा गळताना अगदी स्पष्ट."

असे ऐकले की मी पिशवीत फुगून बसे.

अशाच एका उड्डाणाला तळमजल्यावरच्या मावशी पहिल्यांदाच वर आल्या. त्या शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी मला बराच वेळ धरून ठेवले, मग "छान दिसलं हो," असे अगदी बारीक आवाजात म्हणून परत दिले. त्यानंतर त्या गच्चीकडे फिरकल्या नाहीत.

एका दुपारी काकू घड्या घालता घालता काकांना म्हणाल्या, "मावशींनी गणवेशांचं कापड शाळेत परत द्यायला माझ्याकडे दिलंय. म्हणतात, डोळे गेले माझे. त्यांच्या आईचे असेच गेले होते."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"घाबरतात. सुई ओवायला हल्ली वेळ लागत होताच, आणि गच्चीवर सगळ्यांना दिसलं ते आपल्याला एकटीलाच दिसलं नाही म्हणून हायच खाल्लीय त्यांनी."

मी खुंटीवरून सारे ऐकले. बिचारीचे डोळे, असे मनात म्हटले.

पुढच्या उड्डाणाच्या सकाळी काका स्वतः खाली गेले.

"मला कशाला नेता? नुसती जागा अडवणार मी," मावशी म्हणाल्या.

"अडवा की. गच्ची काय माझ्या एकट्याची आहे?"

वर येताच काकांनी मला त्यांच्या हाती दिले. मावशींनी मला डोळ्यांशी नेले आणि लगेच खाली घेतले. "काका, मागच्या वेळी मी खोटं बोलले. यातून मला काहीच दिसलं नव्हतं. नुसती साय, दुधावरची."

मग शेजारचे पोस्टमन खाकरले. "सायच मलाही दिसली होती."

"मग टप्पा गळला म्हणून कोण सांगत होतं?" त्यांच्या बायकोने विचारले.

"तू सांगितलंस म्हणून मी सांगितलं."

"मी तर आजोबांचं ऐकून म्हटलं."

कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "मला वाटलं, माझा मोतीबिंदू."

सगळे हसत असताना काकांनी कित्येक वर्षांनी मला स्वतःच्या डोळ्यांना लावले. "अहो, ही तर ठार आंधळी झालीय."

या गडबडीत आकडे मोजायचे राहूनच गेले. क्षितिजावर ज्वाळा उठली ती मावशींनी पाहिली. नुसत्या डोळ्यांनी, मान उंचावत त्या तिचा माग काढत गेल्या. "तो बघा, ठिपका सुटला. मागे पडतोय."

"कुठे? कुठे?"

त्यांचे बोट बरोबर जागी होते. मग कुठे तो गडगडाट येऊन पोहोचला. मावशी टाकीच्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"ते कापड एव्हाना दुसऱ्या कुणाला गेलं असेल ना?"

"माझ्या पलंगाखाली आहे," काकू म्हणाल्या. "पाय निघाला नाही माझा शाळेकडे. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मग न्या."

आता मी चष्मेवाल्याच्या टेबलावर सुटी होऊन पडले आहे. त्याने माझी भिंगे काढली, उजेडात धरली, आणि पहिल्यांदाच अख्खी सकाळ माझ्या आत आली. मला लाज वाटायला हवी होती. वाटते आहे ते हलकेपण.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा, आणि दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एकदा स्वतः त्यांतून बघा. धुके हवेत कधीच नव्हते. माझ्या भिंगांवर आतून बुरशी चढली होती आणि त्या गच्चीवर कित्येक उड्डाणे माझ्यातून कुणालाच दिसली नव्हती.