रिकाम्या डब्यातला घास

पोरीनं रिकाम्या डब्यात हात घातला, पाची बोटांची चिमूट वर काढली आणि समोरच्या सैनिकाच्या तोंडापाशी नेली.

“घे, आजी.”

सैनिक विशीतला, डोकं नुकतंच तासलेलं. सुट्टी संपवून निघाला असावा, कारण यूली स्टेशनापासून तो तोंड पाडून बसला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कान लाल झाले. मग त्यानं आ केला.

“काय आहे गं?”

“मासा.”

“काटे काढलेस ना?”

पोर विचारात पडली. डब्यात वाकून तिनं काहीतरी बारीक वेचलं, ते खाली झटकलं आणि नवा घास भरवला. सैनिक बराच वेळ चावत राहिला.

“निंग-निंग, पुरे आता,” तिची आई म्हणाली. “माफ करा हं. सध्या हिला सगळं जगच आजी. परवा पोस्टमनलाही आजी म्हणाली.”

“असू दे की,” सैनिक घास गिळून म्हणाला. “आजी तर आजी.”

गाडी खोऱ्यातून रमतगमत चालली होती. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यांच्या कमरेला धुकं, आणि मधे भातकापणीनंतर पेरलेली मोहरी नजर पोचेल तिथवर पिवळी. स्टेशन आलं की दारं उघडत. कुणी चढत नसे, कुणी उतरत नसे. ओल्या मातीचा वास घेऊन थंड हवा तेवढी आत येई आणि दारं मिटत.

पलीकडच्या खिडकीशी लुआन बसली होती. मांडीवरच्या पर्सवर तिचे दोन्ही हात होते. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली आईची जेड दगडाची बांगडी होती, आणि परतीचं तिकीट. क्वानशानला उतरायचं, फलाटावरच बांगडी थोरल्या बहिणीच्या, खिमच्या हातात ठेवायची आणि समोरून येणाऱ्या गाडीनं माघारी फिरायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. फोनवर तसं बजावलंही होतं.

“स्टेशनातच ये. घरी यायला मला वेळ नाही.”

“बरं,” खिम म्हणाली होती.

आई अंथरुणाला खिळली ती लुआनच्या घरी. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्री कूस बदलणं, सगळं लुआननं केलं. खिमला सासरची बाग होती, माणसं होती; तिच्याकडून सीताफळांच्या पेट्या यायच्या. अंत्यविधीला सगळ्यांत मोठ्यानं रडली ती खिमच. लुआनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. शेजारणी काय बोलल्या ते तिच्या कानावर आलं होतं.

शेवटच्या महिन्यांत आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. “खिम, पाणी दे. खिम, पाय चेप जरा.” लुआन पाणी द्यायची, पाय चेपायची आणि प्रत्येक वेळी सांगायची, “मी लुआन आहे, आई.” आई परक्या घरी चूक झाल्यासारखी गप्प व्हायची. जरा वेळानं, अगदी हलक्या आवाजात, पुन्हा, “खिम?”

हे लुआननं कुणाला सांगितलं नव्हतं. खिमला तर सांगायचंच नव्हतं. बांगडी घे म्हणावं. हे नाही मिळायचं.

तोवर निंग-निंगची पंगत पुढे सरकली होती. सीताफळांची पेटी पायाशी घेऊन बसलेल्या टकल्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, “आजी, गरम आहे.” म्हातारा फुंकर घालायला विसरला आणि जीभ पोळल्यासारखा हाय हाय करू लागला. गाडीचा सगळा डबा हसला. त्यानं पेटीतलं एक पिकलेलं सीताफळ काढून तिच्यापुढे धरलं.

“आता माझं घे.”

पोरीनं डब्यात डोकावून पाहिलं. “नको. डबा भरलाय.”

एका शाळकरी मुलीनं कानातल्या वायरी काढल्या आणि कुणी न सांगताच तोंड उघडलं. तिकीट तपासनीस आला, त्यानं आपलं यंत्र काखेत धरलं आणि झाकणातलं सूप दोन्ही हातांनी उचलून, मान तुकवून, भुरका मारून प्यायलं. पुढे जाताना मिशीसुद्धा पुसली.

पोर आपल्याकडे वळली तशी लुआननं डोळे मिटले.

“आजी.”

लुआन झोपलेलीच राहिली. अगदी जवळ श्वास ऐकू आला, बिस्किटांचा वास आला. मांडीवर काहीतरी ठेवलं गेलं.

“आजी, जेव.”

डोळे उघडावेच लागले. पर्सवर स्टीलचा डबा होता. कोपऱ्यात भाताचं एक शीत चिकटलेलं, बाकी काही नाही.

“मला नको, बाळा. भूक नाही.”

पोर हलेना. चिमूट वर धरून उभी राहिली. डब्यातली माणसं खिडकीबाहेर बघायला लागली, पण सगळी थांबली होती. लुआननं तोंड उघडलं. गार, इवलीशी बोटं ओठांना लागली. ती चावू लागली, आणि चावता चावता तिच्या लक्षात आलं, की तिला कुणी घास भरवल्याला किती वर्षं झाली ते तिला आठवत नाही.

“मीठ बरोबर आहे का हो?” सीताफळवाल्यानं विचारलं.

“जरा कमी आहे,” लुआन म्हणाली.

पोरीनं घाईघाईनं मीठ भुरभुरवलं. सगळे हसले. त्यात आपलंही हसू आहे हे लुआनला जरा उशिरा कळलं.

पुढच्या स्टेशनावर सैनिक उतरला. पोर खिडकीला नाक लावून ओरडली, “आजी! ए आजी!”

फलाटावरून चाललेला तो गडी, अंगात गणवेश, पायांत जाडजूड बूट, हाकेसरशी गर्रकन वळला. जन्मापासून त्याचं तेच नाव असावं तसा. पिशवी खाली टाकून त्यानं दोन्ही हात हलवले, गाडी सुटेपर्यंत हलवत राहिला.

लुआन मान वळवून बघत राहिली. फलाट मागे पडला, मोहरी सुरू झाली, तरी बघत राहिली.

क्वानशानला खिम फलाटाच्या टोकाशी उभी होती. उन्हानं रापलेली, आणखी वाळलेली. हातात दोन हेल्मेट.

“जेवलीस का?” तिनं विचारलं.

“जेवले,” लुआन म्हणाली आणि तिला हसू फुटलं. खिम बावरली. बहीण हसत उतरेल अशी तिची तयारी नव्हती.

लुआननं रुमाल सोडून बांगडी पुढे केली. खिमनं ती घेतली, पंज्यापाशी नेली, आणि तिथंच अडली.

“बागेत राबून हात फुगलेत माझे. नाही जायची. तूच ठेव. केलंस तू सगळं.”

समोरच्या रुळावर परतीची गाडी येऊन थांबली. दारं उघडली.

“ताई,” लुआन म्हणाली, “आई शेवटी शेवटी मला तुझ्याच नावानं हाक मारायची.”

खिमच्या हातातलं एक हेल्मेट खाली पडलं. तिनं ते उचललं नाही.

“रागानं?”

“नाही गं. पाणी मागायला. पाय चेपून घ्यायला. दिवसभर खिम, खिम.”

“मग तू काय म्हणायचीस?”

लुआननं खाली वाकून हेल्मेट उचललं. त्याची धूळ पुसली.

“त्या नावाला ओ द्यायची नाही मी.”

दारं मिटली. गाडी निघून गेली. खिमनं तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं, तिच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. पट्टा चटकन लागेना.

“घरात काही केलेलं नाही हं,” स्कूटरकडे जाताना ती नाक ओढत म्हणाली. “येणार नाही म्हणालीस ना तू.”

“मग हेल्मेट दोन कशाला आणलीस?”

खिमनं स्कूटर सुरू केली आणि थोडी पुढे सरकून बसली.