अकरा सेकंदांची गुणगुण

मी एक जुनी जोडवायर आहे. मित्रांनो, माझ्याबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर त्यातलं निम्मं खोटं आहे. म्हणून आज मीच बोलते. रागानं बोलणार आहे, हेही आधीच सांगून टाकते.

माझी लांबी दीड मीटर. एका टोकाला पाच पिनांचा गोल प्लग, दुसऱ्या टोकाला दोन छोटे प्लग, एक लाल आणि एक पांढरा. जुन्या टेपरेकॉर्डरच्या पाठीला पाच भोकांचं सॉकेट असायचं. आजच्या ॲम्प्लिफायरला ते नसतं. त्या दोघांचं जुळवून देणं हे माझं काम. पाच पिनांपैकी मधली दोन्हीकडची सामाईक असते. तिच्या एका बाजूच्या दोन पिना टेपवरचा आवाज बाहेर आणतात. दुसऱ्या बाजूच्या दोन पिना बाहेरचा आवाज टेपवर उतरवण्यासाठी आत नेतात. मला बाहेर आणणाऱ्या बाजूला जोडायचं होतं. एवढं साधं होतं.

मला दुरुस्तीवाल्या काकांनी बनवलं. त्यांचा हात चांगला होता. वायर जोडायला कथलाचा डाग देताना ते पंखा बंद करायचे, वाऱ्यानं डाग खडबडीत होतो म्हणून. त्यांच्या टेबलासमोर प्लगचं चित्र टांगलेलं असे. पण ते चित्र समोरून काढलेलं, आणि वायरी जोडायच्या प्लगच्या मागच्या बाजूनं. समोरची डावी बाजू मागून उजवी होते. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दर वेळी कागद उलटा करून दिव्यासमोर धरायचे आणि आरपार दिसणारं चित्र बघून डाग द्यायचे.

माझ्या जन्माच्या आदल्या दिवशी तो कागद घडीवर फाटला. काकांनी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. आता त्यातून काही आरपार दिसेना. आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं.

"काका, आटपा हो. गाडी रस्त्यातच लावलीय."

"झालंच, झालंच."

काकांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, जसं दिसलं तसं जोडलं आणि मला पिशवीत घातलं. जोड लागला की वाजणारा तपासणीचा मीटर हाताशी पडला होता. तो त्यांनी लावला नाही. मी उलटी जन्मले ती अशी.

गिऱ्हाईक म्हणजे मी ज्या घरात जाणार होते, तिथला धाकटा भाऊ. त्याच्या वडिलांचं तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात त्यांचा आवाज कायमचा गेला होता. बाबा आता वहीवर लिहून बोलायचे. त्यांचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, टेपच्या एका जुन्या स्पूलवर, म्हणजे रिळावर. बोटीवर इंजिनियर असताना सुट्टीत घरी आले की ते मुलांना गोष्ट सांगत आणि तेव्हा टेप चालू ठेवत. त्या टेपरेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर केव्हाच फाटला होता, म्हणून माझी गरज पडली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मला जोडलं. स्पूल फिरू लागलं. ॲम्प्लिफायरमधून काहीच आलं नाही. कसं येणार? आवाज एका बाजूला वाट बघत होता आणि मी दुसऱ्याच बाजूला उभी होते.

"गेलं," भाऊ म्हणाला. "बाबा, तुमचं मशीन गेलं."

बाबांनी लिहिलं, *फिरतंय की.*

"फिरायला काय, पंखासुद्धा फिरतो. उद्या भंगारवाला येतोय, त्यालाच देऊन टाकू."

मित्रांनो, दोन मिनिटांत निकाल लागला! ज्या यंत्रानं पन्नास वर्षं तो आवाज जपला, त्याला या माणसानं मेलेलं ठरवलं. मला तर कुणी विचारलंच नाही. आणि एवढ्यावर थांबला असता तरी मी गप्प बसले असते. पण त्याला स्वस्थता नव्हती. त्यानं माझे दोन प्लग ॲम्प्लिफायरमधून उपटले, मशीनचं आवाज टेपवर उतरवायचं लाल बटण दाबलं आणि काही हलतंय का बघायला माझ्या लाल प्लगच्या टोकावर बोट ठेवलं.

मशीनवरची, आत येणारा आवाज दाखवणारी सुई हलली.

बाबांनी टेबलावर जोरात हात आपटला. पुन्हा आपटला. त्यांना ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. भावाला वाटलं, ते खूश झाले.

तेवढ्यात ओल्या हातांनी त्याची थोरली बहीण, ताई, आतून आली. ताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची.

"लाल बटण का दाबलंयस? अरे, बंद कर ते!"

"अगं, सुई हलतेय बघ! जीव आहे थोडा."

ताईनं स्वतःच मशीन थांबवलं. मग सुईकडे बघत ती म्हणाली, "ही आवाज बाहेर आणायची वायर ना?"

"हो."

"मग तू बोट लावल्यावर आत कसं कळलं त्याला?"

"म्हणजे?"

"सुई हलली म्हणजे घरच्या विजेची गुणगुण तुझ्या बोटातून आत गेली, घाईमास्तर. मशीन ठणठणीत आहे. वायर उलटी बांधलीय."

"मग असं म्हण ना, वायरच फालतू आहे."

फालतू! माझी तार शुद्ध तांब्याची होती, डाग आरशासारखे होते. चूक जोडणाऱ्याची, घाई आणणाऱ्याची, आणि फालतू मी!

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन दुकानात गेली. काका आधी चिडलेच.

"ताई, तीस वर्षं डाग देतोय मी."

"तीस वर्षांचं नाही म्हणत, काका. या एका वायरीचं म्हणतेय. मीटर लावा ना."

काकांनी मीटर लावला. जिथे वाजायला नको तिथे वाजला. त्यांनी प्लगकडे बघितलं, मग समोर बघितलं.

"हात्तिच्या! हा पुठ्ठा!"

त्यांचे कान लाल झाले. पंखा बंद करून त्यांनी मला पुन्हा जोडलं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मागून बघ'. हा माणूस निदान चूक कबूल करतो, म्हणून त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी आहे.

संध्याकाळी स्पूल सुरुवातीपासून लावलं. माझ्यातून बाबांचा आवाज गेला. खणखणीत, थोडा चिडवणारा. आळशी बगळ्याची गोष्ट होती. बाबा खुर्चीत ताठ बसले. भाऊ गालावरून हात फिरवत राहिला. "आणि मग बगळा विहिरीच्या काठावर गेला, आत वाकला आणि म्हणाला..."

घूंऽऽ.

अकरा सेकंद. ताईनं घड्याळ लावून मोजले. लाल बटणानं जुना आवाज पुसला होता आणि त्या जागी भावाच्या बोटाची, माझ्यातून गेलेली गुणगुण बसली होती. त्यानंतर टेपवर एक लहान मुलगी खदखदून हसते. हसता हसता तिला उचकी लागते आणि बाबा म्हणतात, "पुरे, पुरे, झोपा आता."

"बाबा, काय म्हणाला होता तो बगळा?" ताईनं विचारलं.

बाबांनी वही ओढली. पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग लिहिलं, *आठवत नाही.*

ताईला आठवत नव्हतं. भाऊ तेव्हा पाळण्यात होता. तो खाली मान घालून बसला.

पुढे मी पुष्कळांच्या कामी आले. ताईच्या ओळखीतले लोक कपाटांतली स्पूलं आणायचे, मी कुणाची आजी, कुणाची गाण्याची शिकवणी बाहेर आणायचे. तेव्हा माझं कौतुकही झालं. आता खणात पडून आहे, कुणीतरी करकचून गाठ मारलीय, आत एक तार तुटायला आली आहे. त्याबद्दलही रागच आहे, पण तो लहान राग.

मोठा राग वेगळा आहे. मित्रांनो, एखादं यंत्र गप्प झालं तर ते मेलं असं लगेच म्हणू नका. आधी त्याला जोडणारी वायर तपासा. लाल बटणाला तर तोवर हातच लावू नका. तपासायला एक मीटर लागतो आणि दोन मिनिटं. त्या रविवारी कुणी तेवढी दोन मिनिटं दिली असती, तर ती मुलगी उचकी लागेपर्यंत कशाला हसली, हे आज मी तुम्हाला सांगितलं असतं.