राकानची वीत

राकान अपघातात गेला. मागे राहिली आई, बायको आणि जेद्दाच्या त्या फ्लॅटमधली खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी. तो होता तोवर उम्म राकाननं, त्याच्या आईनं, टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "घरात समुद्र कशाला आणलास? खिडकीतून दिसतो की फुकट!" असं ती लेकाला टोचायची. आता मात्र टाकीतलं एकही प्रवाळ मरू द्यायचं नाही, असा तिनं हट्टच धरला होता.

महिन्यापूर्वी टाकीतला वरचा दगड घसरला. तिनं बाह्या सरसावून सगळे दगड स्वतः पुन्हा रचले. राकानचं सांगणं तिला पाठ होतं. हिरव्या प्रवाळाचा गुच्छ अंधारात लांब धागे सोडतो, शेजाऱ्याला डसतो, म्हणून जांभळ्या प्रवाळाची फांदी त्याच्यापासून एक वीत दूर हवी. तिनं वीत मोजूनच फांदी बसवली. तरी ती पांढरी पडत गेली, आणि आज जेमतेम बोटभर जांभळी उरली होती.

"खाला, वीत कुणाची धरलीत?" सुनेनं, हिंदनं विचारलं. नवऱ्यामागे विधवेनं घरात पाळायची तिची इद्दत कालच संपली होती. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर वडील तिला माहेरी ताइफला न्यायला येणार होते, बॅग दाराशी तयार होती.

"कुणाची म्हणजे? माझी! दुसऱ्याची कुठून आणू?"

हिंदनं सासूचा हात काचेवर पसरला आणि तिच्या करंगळीपुढे आपली दोन बोटं टेकवली. "त्यांची वीत इथपर्यंत यायची."

"इतकी मोठी? तुला गं काय ठाऊक?"

"माझा हात त्यांच्या मुठीत अख्खा झाकून जायचा, खाला."

 उम्म राकानच्या मनात तो हात अजून रस्ता ओलांडताना तिचं बोट धरणाराच होता.

"जन्म मी दिला," ती म्हणाली, "आणि त्याच्या हाताचं माप तुला विचारावं लागतंय." मग तिला रडू आवरलं नाही.

डोळे पुसून तिनं टाकीत हात घातला, फांदी हळूच सरकवली. दोघींनी पुन्हा काचेवर वीत धरली, सासूचा पंजा आणि सुनेची दोन बोटं. माप बरोबर जुळलं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. हिंद बोटं उचलू लागली.

"थांब, काढू नकोस," उम्म राकान म्हणाली. "तू गेल्यावर मी कशानं मोजू?"

बेल पुन्हा वाजली. हिंदनं बोटं उचलली नाहीत.